बहुकामी यंत्र आणि पुण्याचें स्वयंपाकघर

पुणें हें इतिहासाची हौस असलेलें शहर आहे. येथें १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, आणि तेव्हांपासून जुनीं दप्तरें सोडणें, मोडी कागद लावणें, एखाद्या तिथीवरून दोन विद्वानांनीं वर्षभर वाद घालणें हा आमच्या सुशिक्षित वर्गाचा एक मानाचा उद्योग होऊन बसला. पेशव्यांच्या पंगतींत कोणतीं पक्वान्नें वाढलीं जात याच्या याद्याही विद्वानांनीं छापून काढल्या. परंतु त्या पंगतींचें पुरण कोणीं वाटलें, कशावर वाटलें आणि त्यासाठीं ती बाई पहाटे किती वाजतां उठली, हें त्या रुमालांतून सहसा हातीं लागत नाहीं. वाढलेलें ताट इतिहासांत येतें. वाटणारा हात येत नाहीं. आज पुण्यांतील बहुतेक मध्यमवर्गीय घरांत ओट्यावर विजेचें एक यंत्र असतें. तें वाटतें, दळतें, घुसळतें, कुटतें, आणि नवें असेल तर कणीकही मळतें व भाजीही चिरतें. हें यंत्र आमच्या घरांत कसें आलें, त्याच्या आधीं त्याचें काम कोण करीत असे आणि त्यानें काय दिलें व काय नेलें, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभींच एक गैरसमज दूर केला पाहिजे. एका साधनानें अनेक कामें उरकावीं ही कल्पना विलायतेहून आली, असें पुष्कळांस वाटतें. ज्यांस तसें वाटत असेल त्यांनीं बाजीराव रस्त्याजवळील राजा दिनकर केळकर संग्रहालयांत एक दुपार घालवावी. कविमंडळांत ‘अज्ञातवासी’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या दिनकर गंगाधर केळकर यांनीं १९२० च्या सुमारास जुन्या वस्तु जमविण्यास आरंभ केला. आपल्या दिवंगत मुलाच्या नांवानें त्यांनीं उभारलेलें हें संग्रहालय १९६२ सालीं स्थापन झालें, व १९७५ सालीं तें त्यांनीं महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केलें. राजे-महाराजांच्या तरवारी जमविणारे पुष्कळ झाले. केळकरांनीं अडकित्ते, दिवे, खवण्या, सोरे, झारे असल्या घरगुती वस्तूंवर तितकेंच प्रेम केलें, आणि याबद्दल महाराष्ट्रानें त्यांचे ऋणी राहिलें पाहिजे. कोणा अज्ञात लोहारानें किंवा तांबटानें खवणीस पक्ष्याचा किंवा पशूचा आकार दिला, तो जिच्यासाठीं दिला तिचें नांव कोठेंच नाहीं; पण त्या वस्तूवरील झीज पाहिली म्हणजे तिच्या हाताची ओळख पटते.

या जुन्या साधनांकडे नीट पाहिलें तर त्यांतील कित्येक बहुकामी आहेत असें दिसून येईल. आमची विळीच घ्या. पायाखालीं पाट दाबून धरला कीं दोन्ही हात मोकळे राहतात. पात्यावर भाजी चिरावी आणि पात्याच्या टोंकास बसविलेल्या दातेरी खवणीवर नारळ खवावा. एकाच बैठकीवर दोन कामें झालीं. सोऱ्या तर याहून चतुर. धड एक आणि चकत्या अनेक. चकती बदलली कीं त्याच नळींतून शेव, चकली, कडबोळ्यांचें पीठ असें हवें तें निघतें. आजचे कारखानदार एकाच मोटरीवर निरनिराळीं भांडीं व निरनिराळीं पातीं बसवितात, त्यांत तत्त्व सोऱ्याचेंच आहे. पाटा-वरवंटा हा तर सर्वांचा वडील. ओली चटणी, सुकें खोबरें, भिजविलेली डाळ, आल्या-लसणीचें वाटण, शिजविलेलें पुरण, इतकेंच काय पण औषधासाठीं सुंठ-वेखंड, सर्व त्याच्यावर चाले. तेव्हां साधनें बहुकामी होतींच. त्यांस फिरविणारी शक्ति मात्र एकच होती, आणि ती म्हणजे घरांतील स्त्रीचे दंड, कंबर आणि गुडघे.

या शक्तीचा हिशेब कोणीं मांडला नाहीं, तरी तिच्या व्ययाची कल्पना जुन्या आत्मचरित्रांवरून येते. रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध झालें. पुण्यासारख्या शहरांत, न्यायमूर्तींच्या घरांत, खुद्द पतीचा आग्रह असतांही त्यांच्या शिकण्यास घरांतील वडील स्त्रियांचा केवढा विरोध होता, हें त्यांत वाचावयास मिळतें. आमच्या मतें त्या विरोधाचें कारण केवळ रूढि हें नव्हे. ज्या घरांत पहांटेपासून रात्रींपर्यंत दळण, कांडण, वाटण, निवडण यांना हात अपुरे पडत, तेथें एक तरुण हात पुस्तकाकडे वळला कीं तितकें काम दुसरीच्या अंगावर पडे. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासांत पाटा व जातें यांनाही एक प्रकरण दिलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें तें यासाठीं.

या साधनांपैकीं प्रथम गेलें तें जातें. पिठाची गिरणी शहरांत आली आणि पायलीचा डबा डोक्यावर किंवा सायकलीवरून तेथें जाऊं लागला. घरोघरची पहांटेची घरघर बंद पडली. तिच्याबरोबर जात्यावरची ओवीही गेली. दळण दळून देण्याचें काम यंत्रानें घेतलें. पण दळतां दळतां सासर-माहेर, बाप-भाऊ, देव आणि दैव यांविषयीं मन मोकळें करण्याची जी जागा होती, तिच्या ऐवजीं यंत्रानें कांहीं दिलें नाहीं. ही हानि ओळखणारी माणसें पुण्यांतच निघाली, हें शहरास भूषण होय. हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन येथें स्थायिक झालेले गी पॉइटव्हँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडीं हिंडून एक लक्षाहून अधिक ओव्या मिळविल्या. आज हा संग्रह कोणासही वाचतां व ऐकतां येतो.

या संग्रहांतील पुष्कळ ओव्या मुळशी तालुक्यांतील गांवच्या स्त्रियांच्या आहेत, आणि येथें इतिहासाचा एक विलक्षण योग जुळून आला आहे. सह्याद्रीच्या पाण्यावर टाटांच्या कंपनीनें खोपोलीस १९१५ सालीं वीज उत्पन्न करण्यास सुरुवात केली, ती मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठीं. पुढें मुळशी पेट्यांत धरण बांधण्याचें ठरलें तेव्हां तेथील मावळ्यांच्या जमिनी पाण्याखालीं जाणार म्हणून १९२१ पासून १९२४ पर्यंत सत्याग्रह झाला, आणि सेनापति बापट यांचें नांव त्याच्याशीं कायमचें जोडलें गेलें. सत्याग्रह हरला, धरण झालें, भिऱ्याचें वीजघर १९२७ सालीं सुरू झालें. ज्या खोऱ्यानें विजेसाठीं आपली भातखाचरें दिलीं, त्याच तालुक्यांतील बायका पुढें कित्येक वर्षें हातानें जातें ओढीत राहिल्या. वीज तयार झाली एकीकडे आणि खांद्याचा भार उतरला दुसरीकडे. शहरांतल्या आमच्या ओट्यावरील यंत्राचें बटण दाबतांना ही गोष्ट लक्षांत असावी. यंत्र वापरूं नये असा याचा अर्थ नव्हे. सुखाची किंमत कोणीं भरली हें ठाऊक असावें, एवढाच अर्थ.

विजेचा घरांतील प्रवासही पाहण्यासारखा आहे. ती प्रथम माजघरांत व दिवाणखान्यांत आली; दिवा लागला, पंखा फिरला, रेडिओ बोलूं लागला. स्वयंपाकघरांत तिनें पाऊल टाकलें तें सर्वांच्या मागून. पुण्यापुरतें बोलावयाचें तर या बदलास एका मोठ्या संकटाचाही हातभार लागला. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकांठच्या पेठांतील शेंकडों वाडे पडले. ज्यांचे संसार वाहून गेले त्यांच्यासाठीं व पुढें वाढत्या वस्तीसाठीं शहराच्या कडेनें नव्या वसाहती झाल्या, आणि वाड्यांची जागा हळूहळू मजल्यांच्या इमारतींनीं घेतली. वाड्यांतील स्वयंपाक बसून होत असे. चूल खालीं, विळी खालीं, पाटा खालीं. नव्या घरांत ओटा आला आणि बाई उभी राहिली. ती उभी राहिल्यावर जमिनीवरील पाटा तिला दूर पडला. शिवाय वरच्या मजल्यावर वरवंटा आपटला तर खालच्या बिऱ्हाडाची झोंपमोड होई. इकडे १९६२ सालीं कोयनेची वीज निघूं लागली. ओटा, वीज आणि लहान कुटुंब हीं तीन एकत्र आलीं तेव्हां यंत्रासाठीं जागा तयार झाली. आतां यंत्रच तेवढें यावयाचें होतें.

विलायती यंत्रें त्यापूर्वींच निघालीं होतीं. अमेरिकेंत फ्रेड वेअरिंग या वादकाच्या नांवानें १९३७ सालीं एक घुसळणयंत्र बाजारांत आलें. इंग्लंडांत केनेथ वुड यानें १९५० सालीं ‘केनवुड शेफ’ आणला. त्यास निरनिराळे जोड लावून पीठ मळतां येई, मांस बारीक करतां येई. जर्मनींतील ब्राउन कंपनीचीं यंत्रेंही नांवाजलेलीं होतीं, आणि सधन हिंदी घरांत तीं कोठें कोठें येत. परंतु त्यांचा जन्म केक, सूप व फळांचे रस करणाऱ्या स्वयंपाकासाठीं झालेला. आमच्या स्वयंपाकाची मागणी निराळी. हळकुंड, सुकें खोबरें, भिजलेली उडदाची डाळ यांच्याशीं गांठ पडली कीं त्या नाजूक मोटरी तापत आणि जळत.

मुंबईंत सत्यप्रकाश माथुर नांवाचे एक इंजिनिअर सीमेन्स कंपनींत नोकरीस होते. त्यांच्या घरचें ब्राउनचें यंत्र असेंच मोडलें. त्यांच्या पत्नी माधुरी माथुर या रोज त्या यंत्राशीं झगडणाऱ्या; आपल्या स्वयंपाकास काय लागतें व यंत्र कोठें कमी पडतें हें त्यांस नेमकें ठाऊक. पतीनें तक्रार ऐकून घेतली आणि आपल्याच मसाल्यास पुरून उरेल अशी मोटर घडविण्याचें मनावर घेतलें. १९६३ सालीं त्यांनीं कांहीं सहकाऱ्यांसह स्वतःची कंपनी काढली आणि ‘सुमीत’ मिक्सर जन्मास आला. सुमीत म्हणजे चांगला मित्र. पुढच्या दोन दशकांत हें नांव इतकें रुळलें कीं कित्येक घरांत मिक्सर या वस्तूसच सुमीत म्हणत. आमच्या मतें या हकिकतींतील मर्म असें, कीं शोध लावणाऱ्यास आधीं घरांतील बाईचें म्हणणें खरें मानावें लागलें. हळकुंड दळूं नका, आमचें यंत्र त्यासाठीं नाहीं, असें परदेशी कारखानदार म्हणत. माथुरांनीं दोष हळकुंडाचा नसून यंत्राचा आहे असें धरलें.

या यंत्राची रचना साधी आहे. खालीं मोटर, तिच्या दांड्यावर बसणारें पोलादी भांडें, आणि भांड्याच्या तळाशीं पातें. आपल्याकडील मिक्सरांच्या मोटरी साधारणपणें ५०० ते ७५० वॉटच्या असतात, आणि पातें मिनिटास हजारों फेरे घेतें. मोठ्या भांड्यांत ताक व डाळ, मधल्यांत मसाला, लहानांत चटणी अशी वाटणी असते. पाट्याची क्रिया याहून मुळांतच वेगळी. वरवंटा पदार्थ चिरडतो आणि दगडावर फासतो. त्यामुळें तीळ, खोबरें, दाणे यांचें तेल सुटतें व तें सर्वत्र सारखें लागतें. पातें कापतें आणि उडवितें. पदार्थ पुन्हां पात्याकडे यावा म्हणून पाणी घालावें लागतें, आणि वेगामुळें वाटण तापतें. पाट्यावरच्या चटणीची चव मिक्सरला नाहीं, असें जुनीं माणसें म्हणतात तें केवळ आठवणीचें कौतुक नव्हे. त्यास पदार्थाच्या गुणधर्मांचा आधार आहे. मात्र अनुभवी गृहिणींनीं यावरही तोड काढली. पाणी थोडें घालावयाचें, बटण एकदम न दाबतां थांबत थांबत दाबावयाचें, मधून मधून चमच्यानें कडा सोडवावयाच्या. असें केलें म्हणजे दाण्याची चटणी बरीचशी भरभरीत राहते. हें कसब कोणत्या कारखान्यानें शिकविलेलें नाहीं. पाट्यावरचें हातांतलें ज्ञान बोटाच्या टोंकावर आलें, इतकेंच.

शिजविण्याच्या बाबतींतही असाच बदल होत होता. कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनीं १९१० च्या सुमारास ‘इकमिक कुकर’ काढला. खालीं थोडे कोळसे आणि वर एकावर एक डबे, त्यांत भात, डाळ व भाजी वाफेवर शिजे. बिऱ्हाड करून एकट्या राहणाऱ्यांस व प्रवाशांस तो फार सोयीचा. पुढें दाबाचा कुकर आला. मुंबईंत हॉकिन्स कंपनी १९५९ सालीं निघाली. खालीं वरण, वर भात, त्याच्यावर बटाटे, अशी तिन्ही कामें एका वाफेवर होऊं लागलीं आणि ‘तीन शिट्या’ हें घरांत वेळेचें एक माप होऊन बसलें. मापांवरून आठवण झाली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालीं निघालें, तेव्हांचा काळ शेर-मापट्यांचा. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० सालीं आली ती वाटी-चमच्याचें प्रमाण घेऊन. पहिलें पुस्तक निघालें तेव्हां पाककला घरांतल्या वडील बाईकडून शिकावयाची होती. दुसरें निघालें तेव्हां तरुण मुलगी नव्या शहरांत, नव्या ओट्यापुढें एकटी उभी होती, आणि तिला सासूच्या जागीं पुस्तक व सुनेच्या जागीं यंत्र हवें होतें. ‘रुचिरा’च्या लोकप्रियतेचें एक कारण आम्हांस येथें दिसतें.

जुनीं साधनें घरांतून गेलीं, पण भाषेंतून व विधींतून गेलीं नाहींत. लग्नाचा घाणा भरतांना आजही मुसळास व जात्यास आंब्याचीं पानें बांधतात. बारशास वरवंटा नटवून पाळण्याखालून-वरून देतात. वर्षभर अडगळींत पडलेला वरवंटा त्या दिवशीं बाळाच्या आधीं पाळण्याचा मान घेतो. उखळ पांढरें होणें, मुसळ केरांत जाणें, विळ्या-भोपळ्याचें सख्य असणें हे वाक्प्रचार, ज्यांनीं उखळ पाहिलेलेंही नाहीं अशा मुलांच्या तोंडीं असतात. मिक्सरनें मराठी भाषेस अद्याप एकही म्हण दिलेली नाहीं. ‘मिक्सरला लावणें’, ‘मिक्सरमधून काढणें’ असे कोरडे प्रयोग तेवढे रूढ झाले. आणखी एक आवाज शहरांतून नाहींसा झाल्यासारखाच आहे. पाटा गुळगुळीत झाला कीं त्यास टाकी लावावी लागे, आणि छिन्नी-हातोडा घेऊन ‘टाकी’ म्हणून ओरडत जाणाऱ्या कष्टकरी बाया पेठांच्या बोळांतून फिरत. मिक्सर दुरुस्त करणाराचें दुकान निघालें. टाकीवालीस त्यांत जागा मिळाली नाहीं.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. यंत्रानें वांचविलेला वेळ गेला कोठें? रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकर्त्रीनें १९८३ सालीं एक ग्रंथ लिहून असें दाखविलें, कीं घरगुती यंत्रांनीं कष्ट कमी झाले तरी गृहिणीचे कामाचे तास फारसे घटले नाहींत. पूर्वीं नोकर, पुरुष व मुलें यांच्याकडे असलेलीं कामें तिच्याकडे आलीं आणि अपेक्षा वाढल्या. हा सिद्धांत आमच्याकडेही कांहींसा लागू पडतो. पूर्वीं इडली-डोसा हा पुण्याच्या घरांत नित्याचा पदार्थ नव्हता. डाळ वाटण्याचे कष्ट गेले आणि तो सकाळच्या न्याहारीस अपेक्षिला जाऊं लागला. दोन भाज्यांस दोन निराळीं वाटणें हवींत, मुलांस निराळें, आजोबांस निराळें. यंत्र आहे ना, मग काय हरकत! भारत सरकारनें २०१९ सालीं केलेल्या वेळेच्या पाहणींत, घरचें बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया दिवसास सरासरी २९९ मिनिटें आणि तसें काम करणारे पुरुष ९७ मिनिटें त्यांत घालवितात असें आढळलें. या आंकड्यांत खेडींही आहेत व शहरेंही. तरी मिक्सर असलेल्या वाचकानें आपल्या घरचा हिशेब मांडून पाहावा, फरक किती पडतो तें त्याचें त्यालाच कळेल.

म्हणून यंत्र व्यर्थ, असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं. पाट्याच्या चवीचें गुणगान करणारांत स्वतः पाट्यावर बसलेले किती, हें विचारून घेणें बरें. गुडघ्यांची व कमरेची झीज ही चवीची किंमत असेल, तर ती किंमत दुसऱ्यानें द्यावी असा आग्रह धरण्याचा अधिकार जेवणारास नाहीं. ज्या पिढीनें पुण्यांत मिक्सर पाहिला, त्याच पिढीच्या स्त्रिया मोठ्या संख्येनें बँकांत, शाळांत, कचेऱ्यांत जाऊं लागल्या. याचें सर्व श्रेय यंत्रास देणें अन्यायाचें होईल. तें शिक्षणास, गरजेस व त्यांच्या जिद्दीस आहे. परंतु सकाळीं नवाच्या बसला निघणाऱ्या बाईस दहा मिनिटांत वाटण मिळालें, ही गोष्ट लहान म्हणतां येणार नाहीं. रमाबाईंच्या काळीं पुस्तकाकडे वळलेला हात घरास जड वाटे. यंत्र आल्यावर त्या हाताच्या जागीं दुसरा हात शोधावा लागला नाहीं.

यंत्राची वाढ अद्याप चालूच आहे. जर्मनींतील फोरव्हेर्क कंपनीनें १९७१ सालीं वाटणें व शिजविणें एकाच भांड्यांत करणारें यंत्र काढलें. कॅनडांत २०१० सालीं निघालेलें ‘इन्स्टंट पॉट’ अमेरिकेंतील मराठी घरांत वरण-भात व साबुदाण्याची खिचडी करूं लागलें आहे. सोऱ्याची चकती बदलणारी आमची पणजी हें पाहून फारशी चकित झाली नसती. तिनें एवढेंच विचारलें असतें, कीं हें सारें धुवावयाचें कोणीं? तिचा हा प्रश्न वाजवी आहे. जातें, पाटा, उखळ हीं स्त्रीचींच साधनें अशी जुनी समजूत होती. मिक्सरच्या बटणाविषयीं तशी समजूत कोणत्याही शास्त्रांत सांगितलेली नाहीं. तें दाबण्यास ना वारसा लागतो, ना दंडांत बळ. एका यंत्रानें अनेक कामें करावीं ही सोय गेल्या साठ वर्षांत झाली. तीं सर्व कामें एकाच माणसाच्या वांट्यास यावींत ही रीत मात्र यंत्रानें आणलेली नव्हती. तेव्हां ती मोडण्याचें कामही यंत्रावर सोंपवून आपणांस मोकळें होतां येणार नाहीं.